कोरी चौकट

"काळं म्हणजे कसं काळं?" अप्पांनी विचारलं.

"काळं म्हणजे काळं, अप्पा. मार्करनं गिरवलंय. खालचं काही दिसत नाही."

"कडा सरळ आहेत?"

"वरच्या सगळ्या पट्ट्यांच्या सरळ आहेत. ही खालची जरा जाडसर आहे. कडेनं फाटल्यासारखी."

"मार्कर संपत आला असेल. पट्टी म्हण आणि पुढं चल."

मी पट्टी म्हटलं आणि पुढं गेले.

अप्पा म्हणजे माझे वडील, ॲडव्होकेट चन्नवीर हत्तुरे. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली होती. कोर्टात ते अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्या आवाजाला ते 'आमच्या बाई' म्हणत. पण कागद स्कॅन करून आलेले असले की ती नुसती चित्रं असत, आणि त्यांतलं एक अक्षरही बाईंना लागत नसे. 'चित्र' एवढंच म्हणून त्या गप्प व्हायच्या. मग अप्पा आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारायचे, "पद्मा, ये गं. बाई रुसल्या."

मी तेव्हा कॉलेजात तासावर मराठी शिकवत होते. दुपारी घरी आले की त्या चित्रांचं वर्णन करायचं, हे माझं काम. सुरुवातीला मी 'थरथरती सही', 'केविलवाणं अक्षर' असं काहीतरी म्हणायची. अप्पा हात वर करायचे. "विशेषणं तुझ्या पोरांना दे. मला कागद दे."

पद्धत त्यांनीच घालून दिली होती. वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात. शिक्का गोल की चौकोनी. हाताचं अक्षर एकाचं की दोघांचं. नाव काळं केलेलं असेल तिथं 'पट्टी'. आणि छापील फॉर्ममधल्या ज्या चौकटी कुणी भरलेल्याच नसतात त्या सोडून द्यायच्या. "सरकारी फॉर्म निम्मा कोराच असतो," ते म्हणत. "कोरं वाचत बसलीस तर माझी तारीख निघून जाईल."

अप्पा गेल्यानंतर मी तो कॉम्प्युटर एकदा सुरू केला. बाई बोलल्या. मी उठून त्यांच्या खुर्चीमागची खिडकी लावली आणि मग कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवसापासून ही दुर्गव्वाची गोष्ट मनात घोळते आहे.

त्या काळ्या पट्ट्यांच्या दुपारी दुर्गव्वा आमच्या पुढच्या खोलीत खाली बसली होती. खुर्ची दिली तरी तिला खालीच बरं वाटायचं. दगड फोडणाऱ्या वडारांच्या वस्तीतली. नवरा खाणीतच वारलेला. पोरगी अंगावर पीत होती तेव्हाच हिला टीबी झाला. दवाखान्यातल्यांनी पोरीला जवळ ठेवू दिलं नाही, म्हणून ती एका संस्थेच्या शिशुगृहात गेली. दुर्गव्वा बरी होऊन पोरीला आणायला गेली तर तिला सांगितलं, तू मूल दत्तक द्यायला संमती दिली आहेस, ती मागं घ्यायची मुदतही संपली, आता बंगळूरचं एक जोडपं तिला नेणार आहे. त्याविरुद्धचं अपील अप्पांनी चालवायला घेतलं होतं. संस्थेनं दाखल केलेले कागद आम्हाला मिळाले ते असे, स्कॅन केलेले. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून जिथं जिथं पोरीचं नाव, तिथं तिथं पट्टी.

"पोरीचं नाव काळं का केलंय, ताई?" दुर्गव्वानं मान लांब करून स्क्रीनकडं बघत विचारलं.

"कुणाला कळू नये म्हणून."

"मला तर ठावं हाय की." आणि तिनं ते नाव दोनदा घेतलं, आम्ही विसरू की काय अशा थाटात. मी ते इथंही लिहीत नाही.

अप्पा तिच्याकडं वळले. नेमके तिच्याकडं वळले. आवाजावरून त्यांना माणूस कुठं आहे ते बरोबर कळायचं. "दुर्गव्वा, पोर देते असं तू कुणाला लिहून दिलंस का?"

"मला लिवता येतंय व्हय, साहेब?"

"अंगठा?"

"अंगठे लई दिले. औषधाला अंगठा, खाटंला अंगठा. सुया टोचायला अंगठा. दवाखान्यात अंगठ्याबिगर पाणी बी देत न्हाईत."

"पोर देण्यासाठी दिलास?"

ती पहिल्यांदा चिडली. "पोर काय भाकरी हाय व्हय द्यायला? संस्थेतली बाई आली, म्हनली, तू बरी हुईस्तोवर आमी सांबाळतो. मी म्हनलं, सांबाळा."

अप्पा बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "पद्मा, संमतीपत्राच्या तळाशी सही?"

"सही नाही. साक्षीदारांच्या दोन सह्या उजवीकडं. डावीकडं ती पट्टी."

"म्हणजे आईची सही यांनी कोर्टापासूनच झाकली." त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी जुना हुरूप दिसला. "निंबर्गी, निंबर्गी! माझ्या हाताखाली शिकलास आणि असा कागद दाखल केलास?"

सुनावणीला आम्ही लवकर पोचलो. अप्पा माझं कोपर धरून चालत, पण असे की बघणाऱ्याला वाटावं, ते मलाच काहीतरी समजावताहेत. कागद हातात धरून ते बोलायचे आणि मी आधी दुमडून ठेवलेले कोपरे चाचपून पानं उलटायचे. मुलांची प्रकरणं बंद दाराआड चालतात. आत न्यायाधीश बाई होत्या, संस्थेचे वकील निंबर्गी, संस्थेच्या अधीक्षिका, दुर्गव्वा आणि आम्ही दोघं. मला अप्पांची कारकून म्हणून आत सोडत.

अप्पा सुरेख बोलले. संमती हा या प्रकरणाचा पाया आहे. तो पाया ज्या एका कागदावर उभा आहे त्यावर आईची निशाणीच नाही. जिथं असायला हवी तिथं काळी पट्टी आहे. मुलीचं नाव झाकायला कायदा सांगतो, आईची सही झाकायला कुठला कायदा सांगतो, ते माझ्या विद्वान मित्रांनी दाखवावं.

निंबर्गी उठले. उठताना ते खूश नव्हते, हे मला नीट आठवतं. आवाज खाली आणून ते आधी अप्पांशीच बोलले. "सर, ती पट्टी नाही. अंगठा आहे."

मग त्यांनी मूळ कागद न्यायाधीशांसमोर ठेवला. लांबूनही दिसत होतं. निळ्या शाईतला, नीट उमटलेला, अंड्याच्या आकाराचा ठसा. आमच्या फाईलसाठी कुणीतरी त्या कागदाची गडद झेरॉक्स काढली होती, तिच्यावरचं पोरीचं नाव काळं केलं होतं आणि मग तिचं स्कॅन केलं होतं. त्यात अंगठ्यावरच्या सगळ्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग झाला होता. आणि मी त्याला पट्टी म्हटलं होतं.

न्यायाधीशांनी दुर्गव्वाला पुढं बोलावलं. "बाई, हा अंगठा ओळखता का?"

दुर्गव्वानं वाकून पाहिलं. मग आपला डावा अंगठा त्याच्या शेजारी धरला. "माझाच हाय. ही बगा, छिन्नी लागलेली खूण." आणि आमच्याकडं वळून, काहीतरी हरवलेलं सापडल्यासारखी म्हणाली, "साहेब, हाय की हो अंगठा! तुमी न्हाई म्हनत हुता."

कुणी हसलं नाही. न्यायाधीश अप्पांकडं पाहत राहिल्या. "हत्तुरे, तुमचा सगळा युक्तिवाद या एका मुद्द्यावर होता."

"होय, महोदया."

"आणखी काही सांगायचंय?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर सांगतो. परवानगी असावी."

बाहेर व्हरांड्याच्या टोकाला एक बाक होता. तिथं मी अप्पांना बसवलं. डबा उघडला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. दुर्गव्वा थोडी लांब, खांबाला टेकून बसली. आपण काय बोललो आणि त्यानं काय झालं, हे तिला उमगायला लागलं होतं. ती अंगठा लुगड्याला पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती.

"अप्पा, मी..."

"पट्टी म्हण असं कुणी सांगितलं?"

"तुम्ही. पण कडा फाटल्यासारख्या आहेत हे मला..."

"ते तू सांगितलंस. मार्कर संपला असेल, असं कोण म्हणालं?"

मी भाजीचा डबा त्यांच्याकडं सरकवला.

"मग झालं तर. जेव तू."

निंबर्गी आले ते हातात चहाचे दोन कप घेऊन. एक त्यांनी अप्पांच्या हातात दिला. नुसता पुढं नाही केला, बोटं कपाच्या कानाभोवती बसेपर्यंत धरून ठेवला. तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत आहे.

"केव्हापासून?" अप्पांनी विचारलं. त्यांनाही कळलं होतं.

"बार असोसिएशनच्या निवडणुकीपासून. तुम्ही मत माझ्या विरोधकाला दिलंत."

"ते मी बघून दिलं."

"वाटलंच मला." निंबर्गी हसले आणि मग बाकावर टेकले. "सर, रागावू नका. अपील मागं घ्या. ते जोडपं चांगलं आहे, मी भेटलोय. त्यांनी पाळणा आणून ठेवलाय. ही बाई पुन्हा आजारी पडली तर त्या पोरीचं कोण?"

"तू तिच्याकडं बघून बोल हे."

निंबर्गींनी दुर्गव्वाकडं पाहिलं. ती अजून अंगठा पुसत होती. ते उठले आणि निघून गेले.

अप्पांनी चहा बाजूला ठेवला. "फाईल आहे ना? ते पान काढ. वरपासून सांग. आता काही सोडायचं नाही. पांढरंसुद्धा."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. ऊन स्क्रीनवर येत होतं, म्हणून ओढणी डोक्यावरून पुढं ओढली आणि तिच्या आडोशानं सांगायला लागले. "वर उजवीकडं गोल शिक्का. अर्धवट उमटलेला. त्याखाली तारीख, हातानं लिहिलेली. फॉर्म छापील, इंग्रजी. पहिल्या ओळीत आईचं नाव, वय. दुसऱ्या ओळीत पट्टी. मग परिच्छेद, छापील, त्यात दोन पट्ट्या. मग चौकटी."

"कुठल्या?"

"मूल सोडण्याचं कारण. 'आजार' असं लिहिलंय. मग कुठल्या भाषेत समजावून सांगितलं, त्याची चौकट. कोरी. मग वाचून दाखवणाऱ्याचं नाव. कोरं. वाचून दाखवणाऱ्याची सही. तीही कोरी. मग डावीकडं..."

"थांब."

मी थांबले.

"परत सांग."

"कुठल्या भाषेत समजावलं, कोरं. वाचून दाखवणाऱ्याचं नाव, कोरं. सही, कोरी."

"आणि अंगठ्याशेजारी? जुन्या पद्धतीनं लिहितात तसं, निशाणी डावा अंगठा अमकीचा, दस्तुर तमका? कुणाचं अक्षर?"

अंगठा देणाऱ्याचं नाव त्याच्या कडेनं दुसऱ्या कुणीतरी लिहायचं आणि खाली आपलं, हे मी आजोबांच्या कागदांवर पाहिलं होतं. मी ते चित्र मोठं केलं. काळा डाग, आणि त्याच्या चहूबाजूंनी नुसता कागद.

"काही नाही, अप्पा. सगळं पांढरं आहे."

 अप्पांनी मघाचा भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. "कोऱ्या चौकटी सोड," ते स्वतःशीच म्हणाले. "शहाणाच आहे मी."

दुपारी ते उभे राहिले तेव्हा हातात कागद नव्हता. मी दिला, तर त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"महोदया, सकाळी मी चुकीचं सांगितलं. अंगठा माझ्या अशिलाचाच आहे. मी माझे शब्द मागं घेतो."

निंबर्गींनी मान खाली घातली. अपील संपलं असंच त्यांना वाटलं असणार.

"मी का चुकलो तेही सांगतो. मला दिसत नाही."

न्यायाधीश बाईंचं पेन थांबलं.

"बरीच वर्षं झाली. इथं कुणाला बोललो नव्हतो. माझी मुलगी मला कागद वाचून दाखवते. ती एम.ए. आहे, आणि माझ्यावर तिची माया आहे. तरी एका डागाला आम्ही दोघं मिळून पट्टी समजलो आणि मी तुमच्यासमोर तोंडघशी पडलो. महोदया, वकिली हा माझा धंदा आहे. माझ्याजवळ वाचणारं माणूस आहे. तरी माझं हे झालं." ते दुर्गव्वाकडं वळायला गेले, पण ती गप्प होती, म्हणून थोडे चुकीच्या दिशेला वळले. "या बाईला ताप होता. फॉर्म इंग्रजी होता. तिच्या घरची भाषा वडारी आहे, मराठीसुद्धा नाही. त्या कागदावर तीन चौकटी आहेत, वाचून कुणी दाखवलं, कुठल्या भाषेत दाखवलं, त्याची सही. तिन्ही कोऱ्या आहेत. मूळ कागद आपल्यासमोर आहे. मी बघू शकत नाही. आपण बघावं."

न्यायाधीशांनी कागद उचलला. त्या खोलीतला पंखा करकरत होता. मी अप्पांच्या मागं उभी होते आणि त्यांच्या कोटाची पाठ घामानं भिजलेली मला दिसत होती.

"निंबर्गी, कुणी वाचून दाखवलं होतं?"

 निंबर्गी अधीक्षिकांकडं वळले. त्या पन्नाशीच्या, साध्या, थकलेल्या बाई होत्या. त्यांना खोटं बोलता आलं असतं.

"वॉर्डात आत जास्त वेळ थांबू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "मी तोंडावर रुमाल बांधून गेले. ती धापा टाकत होती. मला वाटलं ही काही जगत नाही. मी एवढंच म्हणाले, पोरीला आम्ही बघतो. तिनं अंगठा दिला." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "वाचून नाही दाखवलं. मुलीचं भलं व्हावं एवढंच मनात होतं."

"नंतर तरी? मुदतीच्या आत?"

"ती सॅनेटोरियममध्ये होती. कुणी गेलं नाही."

दुर्गव्वा मध्येच बोलली. "बाई खरं बोलत्यात. माझ्या तोंडात पानी घातलं हुतं त्यांनी."

निकाल त्याच आठवड्यात लागला. संमती रद्द झाली. संस्थेनं वर अपील केलं नाही. निंबर्गींनीच त्यांना करू दिलं नाही, असं पुढं कानावर आलं. बंगळूरच्या जोडप्याबद्दल मला कधी काही कळलं नाही. त्यांच्या पाळण्याचा विचार मात्र अजूनही मनात येतो.

पोरीला ताब्यात घ्यायला दुर्गव्वाबरोबर आम्हीही गेलो. अप्पांचं काम नव्हतं, पण त्यांनी सकाळीच कोट घातला होता. ताबापावती मी आधी मराठीत आणि मग दुर्गव्वाला समजेल अशा बोलीत वाचून दाखवली, कोऱ्या जागांसकट. तिनं मध्येच दोनदा थांबवलं. एकदा 'कायमस्वरूपी' म्हणजे काय ते विचारायला आणि एकदा नुसतंच, दम खायला. मग तिनं अंगठा दिला आणि त्याच्या कडेनं मी तिचं नाव लिहिलं. खाली माझं.

शिशुगृहाच्या अंगणात कडुनिंब होता. आयानं पोरीला आणलं. पोरीनं दुर्गव्वाकडं पाहिलं आणि आयाच्या मानेत तोंड लपवलं.

मला वाटलं, दुर्गव्वा झडप घालील, रडेल. ती खाली बसली, थोडी लांबच. आणि आयाला म्हणाली, "ही काय खाते?"

"मऊ भात. वरण. केळं आवडतं."

"निजते कशी?"

"पालथी. पाठ थोपटावी लागते."

"कशाला भिते?"

"मिक्सरला. कुकरला."

"आमच्यात त्ये काय न्हाई." दुर्गव्वा हसली नाही. "दात कवा आले? चालली कवा? समदं सांगा. काय सोडू नगा. मला ठावं न्हाई."

आया आधी उभ्या उभ्याच सांगत होती. मग तीही बसली. पोर तिच्या मांडीवर, तोंड अजून आत.

अप्पा व्हरांड्यातल्या बाकावर होते. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "काय चाललंय?"

मी सांगायला लागले. झाडाची सावली. दुर्गव्वा मांडी घालून. आया समोर. पोरीला लाल झबलं, एका पायात पैंजण.

"दोघींत अंतर?"

"हातभर."

"पोर बघतेय तिच्याकडं?"

"नाही. आता बघितलं. परत तोंड फिरवलं."

"आणि दुर्गव्वा?"

"ती हलत नाही. पदराची गाठ सोडतेय. केळं काढलंय. सोलतेय. अर्धं खाली ठेवलं, दोघींच्या मध्ये."

अप्पा पुढं वाकले. "पोर?"

"उतरली. आयाचा पदर धरून उभी आहे. हात पुढं..."

अंगणातून बारीक आवाज आला. पोरगी केळ्याशी, नाहीतर दुर्गव्वाशी, तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलायला लागली होती.

अप्पांनी माझा दंड दाबला.

"राहू दे," ते म्हणाले. "येतंय ऐकू."